अडीचशे किलो धान्य आणि आमचं वन बीएचके

आई नोव्हेंबर २०२३मध्ये गेली. त्यानंतर वर्षभर आबा फलटणजवळच्या आमच्या गावी एकटेच राहिले. सकाळी शेजारच्या चुलतीकडून भाकरी यायची, संध्याकाळी ते स्वतः भात टाकायचे. जानेवारी २०२५मध्ये गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा मात्र त्यांनी ऐकलं आणि ते पुण्यात आमच्याकडे आले. शेत चुलतभावाला वाट्याने दिलं. जुनं घर बंद केलं.

आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "औंदाचा वाटा कुठं उतरवायचा?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं की वाटा म्हणजे धान्य. आजवर ते गावच्या बळदात जायचं. माजघराच्या जाड भिंतीत बांधलेलं बळद, वरून ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं. आम्ही सणावाराला गेलो की दहा-पंधरा किलो गाडीच्या डिकीत टाकून आणायचो, तेवढाच माझा आणि साठवणीचा संबंध. बाकी सगळं आई बघायची.

मी म्हणाले, "आबा, इथे कोपऱ्यावर दुकान आहे. महिन्याचं महिन्याला आणू. गावचं धान्य विकून टाका."

"दुकानवाल्यानंबी कुठंतरी साठवूनच ठेवलेलं असतंय ना, बाळ," एवढंच बोलले ते.

आबा बहात्तरच्या दुष्काळात चौदा वर्षांचे होते. रोजगाराच्या कामावर खडी फोडत होते. सुकडी (तेव्हा वाटलेलं पौष्टिक पीठ) आणि लाल मिलो (परदेशी ज्वारी) खाऊन काढलेले ते दिवस त्यांनी आम्हाला कधी रंगवून सांगितले नाहीत, पण ताटात भाकरीचा तुकडा उरलेला त्यांना आजही बघवत नाही. आणि मला स्वतःला २०२०चा मार्च आठवत होता. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात दुकानातल्या रिकाम्या मांडण्यांसमोर मी उभी होते आणि फोनवर आई सांगत होती, "आमची काळजी करू नको, आमच्याकडं वर्षाचं हाय." मी ठरवलं, धान्य घरी आणायचं. जागा कुठून काढायची ते माहीत नव्हतं. आमचं घर ५६० चौरस फुटांचं, दुसऱ्या मजल्यावर, माणसं चार.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी हे सगळं झालं तसं लिहिते आहे.

सुरुवात मी चुकीच्या टोकाने केली. रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन कोठ्या बघून आले, भाव विचारून आले. आबांनी थांबवलं. "आधी खाता किती ते तर बघ." मग फ्रीजवर एक वही टांगली आणि फेब्रुवारीचा पूर्ण महिना दळणाला गेलेलं, कुकरला लागलेलं सगळं लिहिलं. गहू दहा किलो, शाळू (म्हणजे रब्बी ज्वारी) पाच, तांदूळ तीन, तूरडाळ दोन. हरभरा डाळ महिन्याला किलोभरही नाही. वर्षाचा हिशेब निघाला तो असा: गहू १२०, शाळू ६०, तांदूळ ३६, तूरडाळ २४, हरभरा डाळ १०. एकूण अडीचशे किलो. माझ्या मनात भीतीने पाचशेचा आकडा धरला होता, तो निम्म्यावर आला.

किलोवरून जागा कळत नाही, त्यासाठी लिटर काढावे लागतात. ढोबळ हिशेब असा की शंभर किलो गव्हाला साधारण १३० लिटर जागा लागते. तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्यात गहू तेराएक किलो बसतो. म्हणजे आमच्या अडीचशे किलोला सव्वातीनशे लिटर. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून, त्यावर कोठीच्या बुडाचे गोल आणि डब्यांचे चौकोन काढून, कात्रीने कापून ते मी घरभर ठेवून बघितले. मुलीला तो खेळच वाटला. मला मात्र पहिल्यांदा वाटलं की हे जमण्यासारखं आहे.

जागा शोधताना माझी नजर आधी माळ्यावर गेली. माळ्याला मी नाही म्हटलं, कारण आमचा माळा स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या वर आहे. खालून वाफ येते, आणि पातळ स्लॅबवर वर्षभर एवढं ओझं ठेवण्याची हिंमत होत नव्हती. शिवाय साठ वर्षांपुढच्या माणसाने किंवा मी एकटीने तिथून तेरा किलोचा डबा उतरवायचा कसा? माळ्यावर फक्त हलकं ठेवायचं ठरलं, पापड, शेवया, रिकामे डबे. ड्राय बाल्कनीत पावसाची झड येते. जिन्याखालची मोकळी जागा सोसायटीच्या सामायिक वापराची, तिथे काही ठेवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, आग लागली तर माणसं तिथूनच बाहेर पडणार.

आबांना मी विचारलं, बळदात धान्य वर्ष-वर्ष कसं टिकायचं? ते म्हणाले, अंधार, गारवा आणि कोरडेपणा, बाकी काही नाही. शाळेच्या सहलीत पन्हाळ्याच्या अंबारखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती ही कोठारं पाहिली होती, तिथल्या जाड भिंतींतला तो गारवा मला आठवला. आमच्या फ्लॅटच्या भिंती सहा इंची. तरी अंधारे कोपरे होते. त्यातला सगळ्यात चांगला ओट्याखाली होता, आणि तिथे दोन सिलिंडर उभे होते.

आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आबा आले त्याच महिन्यात, जानेवारीत, सुरू झाला होता. सिलिंडर परत करायचेच होते, ते आम्ही पुढे ढकलत होतो. वही लिहिणं चालू होतं तेव्हाच, ३ फेब्रुवारीला, सोमवारी, मी गॅस एजन्सीत गेले. तिथे कळलं की कनेक्शन नवऱ्याच्या नावावर असल्याने त्याची सही आणि आधार हवं. शिवाय २०१४मध्ये कनेक्शन घेताना मिळालेलं मूळ व्हाउचर हवं. ते सापडेना. दोन संध्याकाळ कपाटं उपसली. शेवटी एजन्सीच्याच छापील नमुन्यात 'व्हाउचर गहाळ झाले आहे' असं हमीपत्र नवऱ्याने भरून दिलं, त्यासाठी त्याला अर्ध्या दिवसाची रजा पडली. दोन्ही सिलिंडर आणि रेग्युलेटर परत गेले. बंद केल्याचं व्हाउचर हातात मिळालं आणि अनामतीचे ३,०५० रुपये अकरा दिवसांनी खात्यात आले. दोन सिलिंडरचे प्रत्येकी १,४५० आणि रेग्युलेटरचे १५०, म्हणजे तेव्हा भरले होते तेवढेच. आमच्या एका सिलिंडरमध्ये निम्मा गॅस होता, त्याचे पैसे मिळाले नाहीत. म्हणून सांगते, सिलिंडर पूर्ण संपवूनच परत करा, आणि ते मूळ व्हाउचर आजच शोधून ठेवा.

सिलिंडर गेले तरी मधे कडप्प्याची उभी फळी होती. ती काढल्याशिवाय कोठी बसणार नव्हती. तोडफोड म्हटली की सोसायटीचा अर्ज आला. १० मार्चला अर्ज दिला. कामाचं वर्णन, गवंड्याचं नाव, ओळखपत्राची प्रत, राडारोडा स्वतः उचलण्याची हमी आणि २,००० रुपये परतीची अनामत. कमिटीची बैठक २३ मार्चला होती, तोवर थांबणं आलं. परवानगीत वेळ ठरवून दिली, सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६. पाडव्याच्या आदल्या दिवशी, २९ मार्चला, गवंडी आला. त्याने आधी फळीवर ओट्याचा भार नाही ना ते बघितलं. ते त्याने आपणहून बघितलं, मला सुचलं नसतं. तुम्ही मात्र न चुकता विचारा. काम दीड तासाचं. मजुरी १,२००. आत २८ इंच रुंद, २० इंच खोल, ३० इंच उंच अशी जागा मोकळी झाली.

आता कोठ्या. साठ किलोच्या दोन घेतल्या, पत्र्याच्या, १६ इंच व्यासाच्या आणि २६ इंच उंच. एकीचे १,८५० पडले. दुकानदाराने झाकण लावून दाखवलं, आबांनी मात्र कोठी उन्हाकडे धरून आत डोकं घालून बघितली. सांध्यातून कुठे उजेड येतोय का ते बघायचं. एका कोठीत आला. ती बदलून घेतली. तेलाचे दहा रिकामे डबे, झाकण बसवून घेतलेले, शंभर रुपयाला एक असे आणले. ते गरम पाण्याने आणि सोड्याने धुऊन तीन दिवस उन्हात ठेवले, तरी पहिल्या दिवशी तेलाचा वास येत होता.

एक कोठी ओट्याखाली गेली, तिच्या बाजूला तूरडाळीचे दोन डबे एकावर एक. दुसऱ्या कोठीला जागाच नव्हती. ती आबांनीच काढली. हॉलमध्ये त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी कोठी ठेवायला सांगितली, वर गोल फळी टाकली, त्यावर चष्मा, पाण्याचा तांब्या आणि रेडिओ. २६ इंच उंची पलंगाला अगदी बरोबर जुळली. तांदूळ आणि हरभरा डाळ कपड्यांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेले, त्यासाठी चार पिशव्या जुने कपडे घराबाहेर काढले. उरला साठ किलो शाळू, पाच डबे. आमच्या बेडरूमच्या पलंगाखालचा कप्पा १५ इंच खोल आहे आणि तेलाचा डबा साडेतेरा इंचांचा. गोधड्या आणि पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर गेल्या, पलंगात डबे बसले. मला फार समाधान वाटलं होतं त्या दिवशी. याच पलंगाने पुढे रडवलं.

धान्य १९ एप्रिलला आलं. टेम्पोचे ९०० आणि दोन मजले चढवायचे हमालाचे ४००. तांदूळ मावळातून आणला, इंद्रायणी. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून तीन दिवसांसाठी मिळाली, कारण इतरांचीही वाळवणं होती. त्या तीन दिवसांत गहू झाला. चाळून, निवडून, कडक उन्हात. संध्याकाळी गरम गहू तसाच कोठीत भरायला निघाले तर आबांनी हात धरला. गरम भरला की आत घाम धरतो. रात्रभर चादरीवर पसरून पूर्ण गार झाल्यावर सकाळी एरंडेल चोळलं. आईचं माप पाच किलोला एक मोठा चमचा. तळहाताला तेल लावून गहू ओंजळीत घ्यायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा, दाण्याला चकाकी येते पण हात तेलकट होत नाही, तिथे थांबायचं. हे करताना आबा गप्प होते. हे काम आईचं होतं. कोठीत तळाला, मधे आणि वर सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घातला. कोठीखाली लाकडी पट्ट्या, म्हणजे पत्रा फरशीला टेकत नाही, आणि भिंतीपासून चार बोटं अंतर. तांदूळ उन्हात टाकला नाही. कडक उन्हात तांदूळ तडकतो आणि त्याची कणी होते, तो सावलीत वाऱ्यावरच ठेवायचा.

बाजारात एकाने 'गोळी टाका, वर्षभर बघायला नको' म्हणून धान्याच्या गोळ्या पुढे केल्या. आबांनी रागाने परत केल्या. गोदामात वापरायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या असतात त्या. त्यातून निघणारा वायू झोपेत माणसांचा जीव घेतो. राहत्या घरात त्या कधीही आणू नका, कोणी फुकट दिल्या तरी.

शाळूचं ऊन राहिलं होतं. गच्चीचा पुढचा नंबर आम्हाला मेच्या शेवटच्या आठवड्यातला मिळाला. तोवर शाळू गॅलरीत पोत्यांतच होता. आणि त्या वर्षी पाऊस काय आला ते सगळ्यांना आठवत असेल. मेच्या तिसऱ्या आठवड्यातच झोडपायला लागला, आणि २६ मेला तर मोसमी पाऊस मुंबईपर्यंत पोचलासुद्धा, एरवी तो ११ जूनच्या आसपास येतो. आमचं ऊन गेलं ते गेलंच. कुरडयाही राहिल्या. मी घाईघाईने शाळू पंख्याखाली एक दिवस पसरला आणि डब्यांत भरून पलंगात टाकला. आबा म्हणाले होते, दाणा दाताखाली धरून बघ, कट्ट आवाज आला पाहिजे. मी एक दाणा चावला, आवाज आला असं मला वाटलं.

१३ जुलैला, रविवारी, पहिला डबा संपत आला म्हणून दुसरा काढायला पलंगाची फळी उचलली. कोंदट वास आला. भिंतीकडच्या डब्याचं झाकण काढलं आणि मनगटापर्यंत हात घातला, तर आत ऊब होती. पावसाळ्यात, अंधारात ठेवलेल्या धान्याला ऊब. हात बाहेर काढला तेव्हा बोटांवर बारीक पीठ आणि दोन सोंडे चालत होते. शेजारचा डबा त्याहून वाईट. वरचे दाणे ठीक दिसत होते, पण ओतला तर तळाशी एका बाजूला ढेकूळ झालेलं, हिरवट, बुरशीचं. मी तिथेच फरशीवर बसले. आबांना सांगायला जाववेना. चुलतभावाने राबून पिकवलेला, आबांनी मोजून आणलेला दाणा माझ्या घाईने गेला होता.

ते स्वतःच आले. डबा बघितला, मग भिंतीला हात लावला. भिंतीपलीकडे न्हाणीघर. पलंगाची ती बाजू भिंतीला चिकटलेली. धान्यात ओल आधीच होती, डब्याची भिंतीकडची बाजू गार राहिली, आतली ओल तिथे जाऊन जमली आणि कुजली. भिंतीपासून लांबचे दोन डबे मात्र ठीक निघाले.

बुरशी धरलेला आठ किलो टाकून दिला. कोणाला दिला नाही, जनावरालाही नाही, बुरशीचं धान्य त्यांनाही बाधतं. सोंडे लागलेला सोळा किलो चाळून, चार-चार किलोच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये ठेवला, प्रत्येक पिशवी चार दिवस. थंडीने किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, तिचा गारठा पूर्ण गेल्यावरच उघडायची, नाहीतर दाण्याला पाणी सुटतं. सोळा दिवस फ्रीझरमध्ये दुसरं काही ठेवता आलं नाही.

त्यानंतर शिकलेल्या दोन तपासण्या आता मी आधी करते. भिंतीची: वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करून दोन दिवस ठेवायचा. आतून दव धरलं तर ती भिंत धान्याची नव्हे. आमच्या बेडरूमच्या भिंतीवर एका रात्रीतच धरलं. आणि धान्याची: कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि चमचाभर चांगलं वाळवलेलं मीठ घालून जोरात हलवायचं, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटून राहिलं तर धान्यात ओल आहे, साठवू नका. दाताखालचा कट्ट आवाज ओळखायला आबांसारखी साठ वर्षं लागतात. मिठाचं मलाही कळतं.

पलंग भिंतीपासून सहा इंच पुढे ओढला. खोलीतली चालायची वाट अरुंद झाली, ती तशीच राहणार. पावसाळ्यात कोठी उघडायची नाही हेही पक्कं केलं. आता पाऊस सुरू होण्याआधी दीड महिन्याचा गहू वेगळ्या डब्यात काढून ठेवायचा आणि पुढे उघडीप असेल त्याच दिवशी झाकण काढायचं. गव्हाला वर्षभरात एकही सोंडा लागला नाही. सोसायटीची २,०००ची अनामत मेमध्येच परत मिळाली होती, पावती जपून ठेवल्याने त्रास झाला नाही.

पैशांचं विचारलंत तर कोठ्या, डबे, गवंडी, टेम्पो आणि हमाली धरून साधारण सव्वासात हजार गेले, सिलिंडरची अनामत वजा केली तर चार हजारांच्या थोडे वर.

आज फेब्रुवारी संपत आलाय. सकाळी आबांनी उशाशी असलेली कोठी बोटाच्या सांध्याने वरून खाली ठोकत बघितली. भरल्या जागी आवाज बसका येतो, रिकाम्या जागी वाजतो. जिथे आवाज बदलला तिथे त्यांनी पेन्सिलने रेघ मारली. बुडापासून नऊ इंच. म्हणजे वीसएक किलो, नव्या गव्हापर्यंत पुरेल. मग त्यांनी चुलतभावाला फोन लावला. "यंदा शाळू पंचेचाळीसच पाठव," ते म्हणाले, "आन् पोतं बांधायच्या आधी तिथंच दोन उन्हं दे."